बुधवारची सही

१

हे कुणाला सांगायचं नाही असं ताईने मला बजावलं होतं. आईबाबांना नाही, शाळेत नाही, कुण्णालाच नाही. मी गळ्याशपथ हो म्हटलं होतं. आता मी सांगत नाहीये, लिहून काढतेय, तेही भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर, जिथे कुणी डोकवायला येत नाही. तरी शपथ मोडली ती मोडलीच. पण आज संध्याकाळी मला पहिल्यांदाच असं वाटलं, की न सांगण्यात जास्त धोका आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघीही बुजऱ्या. घरातलं बोलण्याचं खातं पूर्वीपासून आईकडे. पाहुणे आले की ताई आणि मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायचो. त्यामुळे ज्या महिन्यात पाहुणे जास्त, त्या महिन्यात आमचं कपाट नीटनेटकं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. अक्षर हा त्यांचा धर्म. आम्हा दोघींना त्यांनी सही शिकवली ती आपल्याच लिपीत, आणि ती कशी काढायची त्याचाही नियम घालून दिला. आधी सगळी अक्षरं लिहायची, सुटी सुटी. मग वरची रेघ एका दमात ओढायची, शेवटी थोडी वर न्यायची आणि तिच्याखाली एक ठिपका द्यायचा. "आधी माणसं घरात येऊ देत, मग छप्पर घाला," असं ते म्हणायचे. ताई परदेशी शिकायला निघाली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "तिकडे गेलीस म्हणून सही बदलू नकोस."

ताईने बदलली नाही. इथून पुढची गोष्ट तिची आहे, आणि तिने फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितली तशीच मी लिहिणार आहे.

२

ताईला मिळालेली खोली एवढीशी होती. पलंगावर बसल्या बसल्या एका हाताने खिडकी उघडता यायची आणि दुसऱ्याने दार. बोळात अशा सहा खोल्या आणि सहा जणींत मिळून एक स्वयंपाकघर. ताईने पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला, की दुपारी चार ते साडेचार तिथे कुणी नसतं. ती तेव्हा स्वयंपाक करायची आणि भांडी घासून, पुसून, आपला मागमूस न ठेवता खोलीत परतायची.

तिचा विषय म्हणजे इमारतींच्या पायाखालची माती. काका चेष्टा करायचे, "माती चाळायला एवढ्या लांब कशाला? आमच्या अंगणात ये, चहा पण देतो." प्रयोगशाळेत खरोखरच माती चाळायची असे, एकावर एक ठेवलेल्या आठ चाळण्यांतून, दोघीदोघींच्या जोडीने. ताईच्या जोडीला एक उंचच उंच मुलगी होती. मनातल्या मनात ताईने तिचं नाव जिराफ ठेवलं. जिराफ चांगली होती, पण प्रश्न फार विचारायची, आणि ताई उत्तर जुळवेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आलेला असायचा.

जेवणाच्या सुट्टीत ताई तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात डबा खायची. कुणी पायऱ्या चढत आलं की डबा पिशवीत आणि फोन कानाला. म्हणजे एकटी बसलीय असं वाटू नये. "एकदा फोन कानाला लावलेला असतानाच तो वाजला गं," तिने मला सांगितलं होतं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

वर्गात हजेरीसाठी एक जाड पुठ्ठा फिरायचा. त्याला चिमट्याने कागद लावलेला, कागदावर सगळ्यांची नावं छापलेली. आपल्या नावापुढे सही करायची आणि पुठ्ठा पुढे द्यायचा. हजेरी पाऊणपेक्षा खाली गेली की कार्यालयातून पत्र येतं, आणि दुसरं पत्र आलं की शिक्षण संपलं, सामान बांधा. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ताईला रात्रंदिवस तोच घोर होता. ती बुजरी होती, पण तिला परत यायचं नव्हतं. तिला ती माती मनापासून आवडायची.

३

तिसऱ्या महिन्यातल्या एका बुधवारी प्रत्येकाने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. मी कोण, कुठली, हा विषय का निवडला. ताईने आठ दिवस पाठांतर केलं. बुधवारी ती वर्गाच्या दारापर्यंत गेली. दाराला एक उभी अरुंद काच होती. काचेतून तिला सगळी डोकी दिसली, आणि तिचे पाय आपोआप मागे वळले.

तो तास तिने तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत काढला. यंत्रात कुणाचे तरी मोजे गरगरत होते. ते मोजत ती बसून राहिली.

गुरुवारी जिराफ चाळणी हातात घेऊन म्हणाली, "काल काय हसवलंस गं तू! वाटलं नव्हतं."

ताई म्हणाली, "मी?"

"ती तुझ्या वडिलांची गोष्ट. दुकानाच्या पाटीवर कावळा बसला आणि ओल्या रंगात पाय उमटले ती. सर डोळे पुसत होते."

ताईने सावरून घेतलं. वर्गात तिच्यासारख्याच रंगाच्या, वेणीच्या आणखी दोघी होत्या. त्यांतल्या कुणाशी तरी गल्लत होत असणार. नव्या देशात सुरुवातीला सगळे आपल्याला सारखेच दिसतात, तसे आपणही त्यांना दिसत असणार. हे तिला पटलं. पाटीवरच्या कावळ्याची गोष्ट खरी होती आणि ती आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती, एवढं मात्र उरलं. पण कावळे सगळीकडे असतात आणि पाट्याही, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग पुठ्ठा फिरत फिरत तिच्यापाशी आला. कागदावर त्या आठवड्याचे सगळे रकाने होते. बुधवारच्या रकान्यात तिची सही होती. आपल्या लिपीत. वरची रेघ शेवटी थोडी वर गेलेली, आणि तिच्याखाली ठिपका.

त्या अख्ख्या इमारतीत ती लिपी कुणालाच येत नव्हती.

४

आता इथे ताई चुकली. पण मी तिच्या जागी असते तर मीही तीच चूक केली असती.

आपल्याकडे कॉलेजात मैत्रिणी एकमेकींची हजेरी लावतात. एक गावाला गेली की दुसरी आवाज बदलून "हजर" म्हणते. त्यात कुणाला काही वाटत नाही, उलट ते मैत्रीतच धरतात. ताईची हजेरी लावणारं मात्र आजवर कुणीच नव्हतं. तिला वाटलं, वर्गात कुणीतरी भली मुलगी आहे, तिने मागच्या सह्या बघून चित्र काढावं तशी ही सही काढली. तिचे आभार मानायचे तर ती कोण ते शोधावं लागणार, म्हणजे दहा जणींशी बोलावं लागणार. ताईने ते टाळलं आणि मनातच आभार मानले.

पुढच्या शुक्रवारी वर्गाचं एकत्र जेवण होतं. ताई गेली नाही. सोमवारी चार अनोळखी मुलींनी लांबून हात केला. बोळातल्या समोरच्या खोलीतली मुलगी दारावर टकटक करून एक पिवळा रुमाल देऊन गेली, "माझ्याकडे विसरलीस." रुमाल ताईचा नव्हता. पण मऊ होता, आणि त्याला आपल्या घरच्या कपाटासारखा वास होता.

मग ताई सवयीने टाळू लागली. गटचर्चा, कुणाचा वाढदिवस, सहल, मग वर्गही. ती खोलीत वाचत पडायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं झालेलं असायचं, चांगलं झालेलं. प्रयोगाच्या वहीत तिच्याच अक्षरात नोंदी सापडायच्या, आकडे बरोबर.

फोनवर हे ऐकून मी म्हणाले, "ताई, तिला इकडे पाठव ना. माझ्या गणिताच्या तासाला बसेल."

"पाठवते की. तिकीट काढ."

आम्ही खूप हसलो. ते हसणं आता आठवतं तेव्हा मला पेन खाली ठेवावंसं वाटतं.

५

एकदा ताई स्वतः वर्गात गेली. बऱ्याच दिवसांनी. जिराफने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आज बरं नाही का तुला?"

"बरी आहे की."

"मग अशी का?"

अशी म्हणजे कशी, ते तिने सांगितलं नाही. ताई बोलेपर्यंत थांबणं मात्र आता कुणालाच जमेना. त्यांना वेगळ्या ताईची सवय झाली होती. दोन दिवसांनी तिला कार्यालयात बोलावणं आलं. तिथे हजेरीचे कागद बघणाऱ्या एक बाई बसायच्या, जाड चष्म्याच्या, स्वभावाने बऱ्या.

त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. "हे बघ. सगळ्या सह्या एकसारख्या आहेत, फक्त परवाची वेगळी. परवा तुझ्या जागी कुणी सही केली?"

परवाचीच सही ताईने स्वतः केली होती.

"मीच केली," ती म्हणाली.

"करून दाखव बघू."

ताईने करून दाखवली. रेघ वाकडी गेली. बाईंनी ती निरखली, चष्मा वर केला आणि जरा नाराजीने म्हणाल्या, "मैत्रिणीला सांग, असं पुन्हा करू नको म्हणून."

त्या दिवशी ताईने ठरवलं, आता एकही ठिकाण सोडायचं नाही. पाय कापोत, शब्द अडोत, जायचंच. जिथे ती स्वतः असेल तिथे दुसरं कुणी नसतं, एवढं तिला कळलं होतं. तीन आठवडे ती सगळ्याला गेली. चार वाजता नाही, सगळ्यांच्या वेळेला स्वयंपाक केला. लोक कंटाळले, तिने पर्वा केली नाही. पुठ्ठ्यावर तिची वाकडीतिकडी सही रोज पडत होती, आणि ती बघून तिला फार बरं वाटायचं. एकदा तर ती आपणहून जिराफशी बोलली, चाळणीच्या जाळीबद्दल. दोन वाक्यं. मला तिने ती दोन्ही म्हणून दाखवली.

मग एके दिवशी अंगात ताप होता, गजर ऐकू आला नाही, आणि वर्गाच्या दारापाशी पोचायला तिला अकरा मिनिटं उशीर झाला.

६

दार बंद होतं. ती काचेतून बघत उभी राहिली.

तिच्या जागेवर, भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीत, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. वेणी. निळा स्वेटर, आईने विणलेला, कॉलरपाशी एक टाका सुटलेला. तोच स्वेटर त्या क्षणी ताईच्या अंगात होता.

तरी तिचं मन पुराव्यानेच चाललं होतं. निळे स्वेटर पुष्कळ असतात. पाठीमागून आपण कसे दिसतो हे आपल्याला कुठे माहीत असतं? तापात डोळ्यांना काहीही दिसतं. ती स्वतःला असं समजावत होती तेवढ्यात पुठ्ठा त्या खुर्चीपाशी आला.

हाताने पेन उचललं. आधी वरची रेघ ओढली, लांब, सरळ, एका दमात. मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं.

"छप्पर आधी घातलं गं," ताई मला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घरात कुणी नसतानाच."

खुर्चीतली मान सावकाश दाराकडे वळायला लागली. गालाची कड दिसली, कानातलं दिसलं. ताई पुढचं बघायला थांबली नाही.

त्या आठवड्यात ती तापाने पडून होती, आणि आमचा ठरलेला रविवारचा फोन तिने केला नाही. मी तेव्हा चित्रकलेच्या क्लासला गेले होते. परत आले तर आई फुललेली.

"तासभर बोलली आज! एरवी हं हं करते नुसती. पोरगी सुधारली हो तिकडे जाऊन. तुझी चौकशी करत होती. गणित कसं चाललंय म्हणून."

संध्याकाळी ताईचा मला फोन आला. आईचा जुना फोन अभ्यासासाठी माझ्याकडे असतो, त्यावर. मी सांगितलं. मग तिने मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं आणि शपथ घातली.

"आईला कळलं तर ती रडून रडून मला परत बोलावेल. सुट्टीला मी येतेच आहे. विमानात मी स्वतः बसणार, काय वाटेल ते झालं तरी. कळलं ना, मुंगी? ती जागा मी सोडणार नाही."

मुंगी म्हणजे मी.

७

आज दुपारी शाळेतून आले तर दाराशी ताईच्या चपला होत्या.

ती आईजवळ ओट्याला टेकून उभी होती, अंगात निळा स्वेटर. "आली का आमची मुंगी!" म्हणून तिने मला जवळ घेतलं. मला इतकं बरं वाटलं की मी रडलेच. ताई पोचली. तिने जागा सोडली नाही.

मग शेजारच्या काकू आल्या. मी सवयीने आतल्या खोलीत गेले आणि घड्या घालायचे कपडे पुढ्यात घेतले. ताई येईल म्हणून तिच्या बाजूचे कपडे वेगळे काढून ठेवले. ती आली नाही. बाहेरून तिचा आवाज येत होता. काकूंना ती कुठलीशी गोष्ट सांगत होती आणि हसून हसून काकूंचा ठसका थांबत नव्हता.

बाबा घरी आले तेव्हा हातावरचा रंगही न धुता म्हणाले, "सही विसरली नाहीस ना? काढून दाखव."

तिने काढली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

"अरे, रेघ आधी?" बाबा म्हणाले.

"असं जास्त सरळ येतं, बाबा."

बाबांनी कागद उजेडात धरला. "येतं खरं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा सुरेख येतं." आणि तो कागद त्यांनी भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावला.

मी खोलीत येऊन कप्प्यातला फोन काढला. शाळेच्या दिवसांत तो बंद असतो. चालू केला तर कालचा, ताईच्या आवाजातला निरोप होता.

"मुंगी, बस रस्त्यात बंद पडली. मी धावत गेले. वेळ होता अजून. खिडकीतल्या बाईने माझा पासपोर्ट बघितला, पडद्यावर बघितलं, आणि म्हणाली, तुम्ही मघाशीच आत गेलात की. मी पासपोर्ट दाखवतेय आणि ती तेच म्हणतेय. विमान गेलं गं. मी इथे बाकावर बसलेय. आईला सांगू नकोस." मग गाड्यांचे, माणसांचे आवाज. मग अगदी हळू, "घरी कुणी आलंय का?"

मी उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. चूक खिडकीतल्या बाईचीही असेल. निरोप उशिरा पोचला असेल, आणि ताई मागाहून दुसऱ्या विमानात बसली असेल. हे सगळं मी लिहूनही बघितलं. मग तिला फोन लावला. लागला.

पलीकडे वाजला, आमच्या बाहेरच्या खोलीत नाही वाजला. कुणी उचलला नाही.

तेवढ्यात ती दारात आली. खोलीत आली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली.

"उद्या तोंडी परीक्षा ना तुझी?"

मी मान हलवली. उद्या वर्गासमोर फळ्यापाशी उभं राहून गणित समजावून सांगायचंय. आठ दिवस मी तेच पाठ करतेय.

"नको वाटत असेल तर नको जाऊस," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. "काही बिघडत नाही. तूच म्हणाली होतीस ना, गणिताच्या तासाला पाठव म्हणून?"

ती गेल्यापासून मी लिहितेय. मी उद्या जाणार आहे. चुकले तरी, फळ्यापाशी तोंडातून शब्द फुटला नाही तरी. आणि ताई येईपर्यंत तिची जागा धरून ठेवणार आहे, पलंगावरची, ताटापाशीची, सगळी. ही वही कुणाच्या हाती लागली तर सही नीट बघा. आधी अक्षरं, मग रेघ. ती वाकडी असेल तर ती आम्हीच.

आईने जेवायला हाक मारली. एवढं पान संपवून जाते.

आज ती दुसरी हाक मारत नाहीये. एरवी तीन मारते, तिसरीला पूर्ण नाव घेऊन. ताटं मांडल्याचा आवाज येतोय. ताई काहीतरी म्हणाली, बाबा हसले. पाट सरकवल्याचा आवाज आला, माझ्या बाजूचा, भिंतीकडचा. आणि आता आई म्हणतेय, "आलीस का मुंगे, बस पटकन," पण मी तर अजून इथेच, मी आता धावत